सव्वीस अंश

निगडीच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या आम्रपालीच्या कानावर शेजारच्या दोघी आजीबाईंचं बोलणं पडत होतं.

“वासंती, एकादशीला देहूला आली नाहीस ती?”

“आमचा केयूर सुनेला घेऊन फिरायला गेलाय ना. त्याच्या समुद्री माशांच्या टाकीचं पाणी सव्वीस अंशांवरच ठेवायचं असतं. वीज गेली की बर्फाच्या बाटल्या सोडायच्या.”

“त्यातली एक स्वतःच्या कपाळावर ठेव. तापाने फणफणलीयस.”

“फोन करतो गं तो रोज.”

“तुझी चौकशी करायला?”

“पाणी किती तापलं ते विचारायला.”

“मग ताप आलाय म्हणून सांगायचं.”

“सांगितलं की.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, आई, मग टाकीत हात घालू नकोस.”