खुराड्यातला खासदार

सेलेपा : दार हळू उघड रे, कोंबड्या पळतील.

रॉडरिक : हा माझा प्रचाराचा फलक! खुराड्याला लावलास?

सेलेपा : मग काय चर्चमध्ये टांगू? जाड फळी आहे. इतके पावसाळे टिकली. तू कुठे टिकलास एवढा!

रॉडरिक : उद्यापासून वाचनालयात प्रदर्शन आहे, 'हार्बर टेरेस मतदारसंघाचा इतिहास'. तिथला शेवटचा खासदार मी, आणि माझा एकही फलक कुठे उरलेला नाही. हा देऊन टाक.

सेलेपा : इतिहास? आणि लिहिलंय काय त्यात?

रॉडरिक : आधी गोदी कामगारांची वस्ती. मग तुम्ही सामोआ बेटांवरची माणसं आलात, कारखान्यांत लागलात. पुढे वस्ती घटली, म्हणून सीमा आयोगाने मतदारसंघ मोडून शेजारच्या तीन मतदारसंघांत वाटून टाकला.

सेलेपा : वस्ती घटली म्हणे! ओहोटी आहे का ती, आपोआप घटायला? मालकांनी घरं विकली, आम्हाला हाकललं. म्हणून तर आज तुला इथवर गाडी हाकावी लागली. जिथे आम्ही दहा जण राहायचो, तिथे आता दोघं राहतात आणि एक कुत्रा. कुत्र्याला कोण मोजतो?

रॉडरिक : मी संसदेत आवाज उठवला होता.

सेलेपा : आणि आयोगाच्या सुनावणीत? चर्चची बस भरून म्हाताऱ्या आणल्या मी. एकेक जणी उठून बोलली. तुझी खुर्ची मात्र रिकामी.

रॉडरिक : ताप होता गं मला.

सेलेपा : होता ना. उपनगरातल्या नव्या जागेचा! आठवड्यात तिकडची उमेदवारी घेतलीस. आणि आपटलासही.

रॉडरिक : किती कडू बोलतेस!

सेलेपा : मग गोड बोलणाऱ्याकडे जा. फळी ने, पण एका अटीवर. त्यावरच्या तुझ्या फोटोखाली लिहायचं, 'हे सुनावणीला आले नाहीत.'

रॉडरिक : असं कसं लिहू? उद्या माझी नातवंडं येणार आहेत.

सेलेपा : माझीही येणार आहेत. आजीचं घर का सुटलं, ते तिथे वाचणार आहेत. काय वाचू देऊ त्यांना? वस्ती घटली?

(फळीचा स्क्रू काढणारा रॉडरिकचा हात थांबतो.)

रॉडरिक : राहू दे. नको मला फलक.

सेलेपा : वाटलंच मला. मग तो स्क्रू परत घट्ट कर. दक्षिणेचा गार वारा तिकडूनच येतो. तेवढा तरी अडव.