पवनचक्की आणि कानबाईचे रोट

आम्ही साक्रीकडचे, डोंगराच्या पायथ्याचं गाव. लग्नाला वर्ष झालं नाही तोच हे सुरतेला आले, उधन्यात लूमवर लागले, मागून मी आले, घरी बसून साड्यांचे धागे कापते. मनीषा आमची एकुलती पोरगी, ती बोलता बोलता गुजरातीत कधी शिरते ते तिचं तिला कळत नाही. पण गावाशी तुटलं नव्हतं भाऊ, जेठांनी तुटू दिलं नव्हतं, ह्यांच्या मोठ्या भावानं. काय सांगू तुम्हाला, प्लेगात सगळी सुरत पळाली तेव्हा आम्ही पण पळालो, अन् गावातले म्हणायला लागले सुरतवाल्यांना शिवेबाहेर ठेवा, तर जेठ पुढं झाले, म्हणाले माझा भाऊ आहे, मरायचं तर सोबत मरू, अन् घरात घेतलं आम्हाला.

वाटणी तोंडीच झालेली. विहिरीचं खालचं रान जेठांना, वरचं पठार आम्हाला, आम्हीच म्हणालो तसं, आम्ही सुरतेला, आम्हाला काय करायचंय चांगल्या रानाचं. पठारावर नुसता दगड अन् वारा, नागली पण धड येत नाही, जेठांची बकरी चरायची तिथं. मग ते पवनचक्कीवाले आले, वारा मोजायला खांब उभा केला, जीपा फिरायला लागल्या, अन् ज्या दगडाला कुणी विचारत नव्हतं त्याचे सगळेच मालक झाले. ह्यांनी एसटीडीवरून फोन केला, दादा, पठार आमचंच ना? एवढंच विचारलं हो. जेठ म्हणाले, इतकी वर्षं राखलं मी, अन् पंखा उभा राहायचा म्हटल्यावर तू मालक? फोन ठेवून दिला.

आमच्या खानदेशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू, सगळ्या भावांचे एकाच सुपात, ते दळायचे अन् त्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. माणूस कुठंही असो, त्या दिवशी घरी येतो. अन् एकदा रोट वेगळे झाले म्हणजे घर वेगळं झालं, ते परत जुळत नाही. मागच्या साली आमचं बोलावणं आलं नाही. मी रोज वाट बघायची, गावाकडून कोण आलं, काय निरोप आणला, जीव नुसता टांगलेला. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, उधन्यात कितीतरी जण बसवतात, तू पण बसव, देवीला उपाशी ठेवू नको. मी घाबरले, बसवली. सुपात ह्यांची एकट्याची मूठ. गिरणीवाला म्हणाला, मासी, बस आटलुं ज? एवढेच गहू? मला तिथंच रडू आलं.

गावाला कळायला काय वेळ लागतो. जेठांचा निरोप आला, घरच्या माणसाला काय बोलावणं लागतं? आम्ही इकडं गावात तुमची वाट बघत बसलो. तुमनी कानबाई तुम्ही तठे बसाडी लिधी, आते पठार बी तुमनंच, पंखा लावा नहीतर इका, विकून टाका म्हणे.

आता शेजारच्या पठारावर पाती फिरतात म्हणे, खालपर्यंत आवाज येतो. आमचं तसंच पडलंय. परवा कंपनीचा माणूस इथं उधन्यात आला, सही मागायला. हे म्हणाले, जमीन माझ्या मोठ्या भावाची आहे, त्यांना विचारा. तो म्हणाला, अहो, ते म्हणतात धाकट्याला विचारा. मी चहा टाकला. अन् हे त्याला विचारतात कसे, दादांचा खोकला कसा आहे?

या रविवारी परत कानबाई आहे. बोलावणं नाही. मी म्हणते, जाऊ, गहू घेऊनच जाऊ. कानबाई तिकडच्या पोराबाळांना सुखी ठेवो, पंखा नको आम्हाला, काही नको. पण जेठाणीनं सूप पुढं केलं नाही तर, भाऊ, मूठ उघडून उभे राहिलेले हे मला बघवणार नाहीत.