बावांच्या कानातलं इंजिन

अमिरुन्निसा : वॉरंटी, वॉरंटी! हा शब्द तू इतक्या वेळा उच्चारलास, की आता तो मला खोकल्यासारखा ऐकू येऊ लागला आहे. मी विचारलं त्याचं उत्तर दे, तल्हा. गाडी आज जलालच्या गॅरेजमध्ये जाणार की नाही?

तल्हा : अम्मा, आज जुम्मा आहे. सनाइयातली सगळी गॅरेजं बंद.

अमिरुन्निसा : असरच्या नमाजानंतर उघडतात. तुझ्या जन्माआधीपासून मी सौदीत, या दम्माममध्ये राहते आहे. मला सनाइयाच्या वेळा शिकवू नकोस.

तल्हा : बरं, उघडतात. पण पिकअप नवी आहे. स्टिअरिंगखाली बाहेरची डबी लावलेली कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना कळली, आणि उद्या इंजिनाचं काही झालं, तर ते सरळ हात वर करतील.

अमिरुन्निसा : करू देत. त्या इंजिनात असा कोणता शहाणपणा भरला आहे, ते मला पुन्हा एकदा सांग. मी नीट समजले आहे की नाही, हे मला पडताळून पाहायचं आहे.

तल्हा : सिलिंडर आठ आहेत. गाडीत ओझं नसलं, रस्ता सपाट असला, की आठांची गरज नसते. मग इंजिन आपणहून चार बंद करतं. पेट्रोल वाचतं. पाय दाबला की चारही परत चालू. ती डबी लावली की हे होत नाही, कायम आठ चालतात. बास, एवढंच. आत बसलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही.

अमिरुन्निसा : आत बसलेल्या कोणत्या माणसाला?

तल्हा : साध्या माणसाला.

अमिरुन्निसा : तुझे बावा साधे नाहीत. ज्यांनी उभी हयात बंदरातल्या टगबोटींच्या इंजिनरूममध्ये घालवली, ज्यांना इंजिनाचा एक ठोका चुकला तर गाढ झोपेतून जाग येत असे, त्यांच्या कानाखाली तू आठांचे चार करतोस आणि वर म्हणतोस, कळत नाही! माझं नाव त्यांना कधी आठवतं, कधी नाही. तुझ्या लेकीला, अदिबाला, ते आपली धाकटी बहीण समजतात. परंतु इंजिन अर्ध्यावर आलं, की त्याच क्षणी त्यांचा हात डॅशबोर्डवर जातो. मागच्या सीटवरून मी पाहते.

तल्हा : मीपण पाहतो. गाडी मीच चालवतो ना.

अमिरुन्निसा : मग तूच सांग, ते काय म्हणतात.

तल्हा : 'चार मेले' म्हणतात. 'खाली कोण आहे?' म्हणतात. मग माझ्यावर ओरडतात, 'तेल बघ रे, तेल बघ!' मी म्हणतो, बघतो, सारंग.

अमिरुन्निसा : आणि घाम? एसी चालू असताना कुडता पाठीला चिकटतो. जुबैलच्या त्या सरळसोट रस्त्यावर, जिथे उंटसुद्धा कंटाळून बसकण मारतात, तिथे माझा माणूस बुडत्या जहाजात अडकल्यासारखा बसून असतो. हे मी पाहायचं आणि तू पेट्रोल वाचवायचं.

तल्हा : पेट्रोलचं मी काही बोललोच नाही.

अमिरुन्निसा : वॉरंटीचं बोललास. ते त्याचंच भावंड.

तल्हा : मग नेणंच बंद करू या. तस्नीमचंही तेच म्हणणं आहे.

अमिरुन्निसा : तुझी बायको शाळेत पन्नास पोरांना गप्प बसवते. माझ्यावर तो प्रयोग तिने करू नये. घरात ठेवून काय होतं, तेही मला विचार. सकाळपासून उलथनं घेऊन स्वयंपाकघरातले पाइप वाजवत फिरतात, कुठे गळतं ते शोधत. शेजारची मिसरी, इजिप्तवाली बाई आता जिन्यात मला सलामसुद्धा करत नाही. ताटावर बसवलं तर उठून जातात. त्या गाडीत मात्र माझ्या हातची तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी निमूटपणे खातात. भीत भीत खातात, पण खातात. गाडी बंद केलीस, तर मी त्यांना भरवू कुठे?

तल्हा : पूर्णिमा डॉक्टरांनी गोळी दिली आहे ना.

अमिरुन्निसा : दिली होती, आणि मी ती त्यांना चारलीही. माणूस झोपला नाही, तल्हा. विझला. डोळे उघडे होते, आणि मी पदराने लाळ पुसत होते. ती गोळी या घराच्या उंबऱ्याच्या आत पुन्हा येणार नाही.

तल्हा : बाई चांगल्या आहेत गं. नागपूरच्या असून तुझं सगळं ऐकून घेतलं.

अमिरुन्निसा : चांगल्या आहेत, म्हणूनच मी त्यांच्याशी भांडले नाही. तू चांगला आहेस की नाही, ते आज ठरायचं आहे.

तल्हा : तूच म्हणतेस ना नेहमी, दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला? दुखणं बावांना आहे, अम्मा. गाडीला डाग देऊन काय होणार?

अमिरुन्निसा : माझीच म्हण माझ्या तोंडावर फेकायची बरी अक्कल सुचली. आता ऐक. त्यांचं दुखणं जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी म्हातारी झाले आहे, खुळी झालेली नाही. मला केवळ त्यांची भीती घालवायची आहे. अल्लाहने त्यांना दिलेलं सारं एकेक करून परत मागून घेतलं, कान तेवढे ठेवले. त्या कानांना तासभर तरी धडधाकट इंजिन ऐकू दे. इतकं मागणं अधिक आहे का?

तल्हा : नाही.

अमिरुन्निसा : मग ऊठ. किल्ली घे.

तल्हा : अम्मा...

अमिरुन्निसा : ऊठ म्हटलं ना.

तल्हा : डबी लावून झाली आहे.

अमिरुन्निसा : काय म्हणालास?

तल्हा : मंगळवारी जलालने लावून दिली. तू उझमाकडे खोबरला गेली होतीस, तिच्या बाळाला न्हाऊ घालायला. तेव्हा बावांना घेऊन मी एकटाच गेलो होतो.

अमिरुन्निसा : आणि इतका वेळ माझ्याशी तोंडाची वाफ दवडत बसलास? डबी गाडीत असताना?

तल्हा : आता नाहीये गाडीला. त्याच संध्याकाळी मी काढली.

अमिरुन्निसा : का? इंजिनाला सोसली नाही?

तल्हा : इंजिन लोण्यासारखं चाललं. जुबैलच्या रस्त्याला लागलो आणि मी मुद्दाम पाय हलका केला. एरवी तिथे आवाज खाली बसतो. बसला नाही. मी बावांकडे बघितलं.

अमिरुन्निसा : घाबरले?

तल्हा : नाही.

अमिरुन्निसा : मग? एकेक शब्द काय काढतोस, खोल विहिरीतून काढल्यासारखा!

तल्हा : हसले. मी लहान असताना टगवरून उतरताना धक्क्यावर मला बघून हसायचे ना, तसे. हात मांडीवर ठेवले. पाठ टेकली सीटला. ती पाठ टेकलेली मी कितीतरी दिवसांत बघितली नव्हती, अम्मा.

अमिरुन्निसा : अल्हम्दुलिल्लाह. मी हेच तर सांगत होते.

तल्हा : मला म्हणाले, 'आता बरोबर आहे. कोणी केलं?' मी म्हटलं, मी केलं. तर म्हणाले, 'शिकलास.'

अमिरुन्निसा : शिकलास म्हणाले? तुला?

तल्हा : मला. जन्मात पहिल्यांदा. मी बीकॉम झालो तेव्हा म्हणाले होते, कागद नीट ठेव.

अमिरुन्निसा : आणि असं असताना तू ती काढून टाकलीस? कसला करंटा मुलगा आहेस तू!

तल्हा : त्यानंतर त्यांनी पट्टा सोडला.

अमिरुन्निसा : कसला पट्टा?

तल्हा : सीटबेल्ट. अगदी सावकाश. घाई नाही, आरडाओरडा नाही. कुडता झटकून सारखा केला. मला वाटलं, पाणी हवंय. म्हणाले, 'इंजिन ठीक आहे. माझी ड्युटी संपली. वर डेकवर जातो, जरा वारा खातो.' आणि दार उघडलं.

अमिरुन्निसा : या अल्लाह. चालत्या गाडीत?

तल्हा : बाजूला ट्रेलर होता. मी एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि एका हाताने त्यांचा कुडता. निळा कुडता शोधत होतीस ना तू? तो माझ्या हातात फाटला.

अमिरुन्निसा : पाणी दे.

तल्हा : घे. हळू पी.

अमिरुन्निसा : दाराला कुलूप घालता येत नाही? मुलांसाठी असतं तसं?

तल्हा : ते मागच्या दारांना. पुढचं दार आतून ओढलं की उघडतंच. आणि मागे ते बसत नाहीत, तुला माहीतच आहे. मागे पॅसेंजर बसतात म्हणतात.

अमिरुन्निसा : म्हणजे इंजिन बिघडलं आहे असं वाटतं, तोवर...

तल्हा : तोवर जागचे हलत नाहीत. घाम फुटो, मला शिव्या घालोत, पट्ट्याला हात लावत नाहीत. मंगळवारनंतर मी तेवढंच बघतोय.

अमिरुन्निसा : कसे लावतील? उझमाच्या वेळी मी इस्पितळात एकटी कळा देत होते, आणि हे बंदराबाहेर बंद पडलेल्या टगमध्ये. पोर दूध प्यायला लागली तेव्हा उगवले, हातापायांना काळं तेल घेऊन. मी तोंड फिरवलं. तर म्हणतात कसे, 'बिघडलेलं इंजिन दुसऱ्याच्या गळ्यात टाकून येता येत नाही, अमिरुन.' सवत परवडली, असं वाटलं होतं मला तेव्हा.

तल्हा : म्हणून सांगत नव्हतो तुला. म्हटलं, वॉरंटीवरून माझ्यावर चिडलीस तरी चालेल. चिडून बसशील, पण हे कळायला नको.

अमिरुन्निसा : चांगली चिडले होते. आता तेवढाही आधार ठेवला नाहीस.

तल्हा : डबी गाडीच्या खणात आहे. लावू की नको, तू सांग. लावली तर ते सुखाने बसतात, पण कधी उठतील त्याचा भरवसा नाही. नाही लावली, तर तेच ते. चार मेले, तेल बघ. नाहीतर मग गोळी.

अमिरुन्निसा : गोळी नाही.

तल्हा : मग काय?

अमिरुन्निसा : मी आत्ता तुझ्यासमोर त्यांच्यासाठी सुख मागत होते. ते त्यांना मंगळवारीच मिळालं होतं, आणि तुझा हात वेळेवर पोहोचला नसता, तर आज मी विधवा होऊन इद्दतीत बसले असते.

तल्हा : असं नको ना बोलूस.

अमिरुन्निसा : जे आहे ते बोलते. उद्या ती डबी जलालला परत देऊन ये.

तल्हा : राहू दे ना खणात. कुठे खायला मागते?

अमिरुन्निसा : नको. एखाद्या दिवशी त्यांचा घाम मला पाहवणार नाही, आणि मीच तुला लाव म्हणेन. तू माझं ऐकशील. तू नेहमी ऐकतोस.

तल्हा : म्हणजे त्यांनी घाबरतच राहायचं?

अमिरुन्निसा : हो. मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवीन. ते झटकतील. मी पुन्हा ठेवीन. तू तुझं तेल बघ.

(आतल्या खोलीचं दार उघडतं. बदरुद्दीन चपला घालून उभे आहेत. कुडत्याची बटणं वरखाली लागली आहेत.)

बदरुद्दीन : कोण आहे रे ड्युटीवर? मघापासून नुसते बोलण्याचे आवाज येतायत.

तल्हा : बावा, मी आहे. बसा ना. आपण निघतोच आहोत...

बदरुद्दीन : इंजिन ठीक आहे? ठीक असलं तर मी वर जातो. जरा दमलो आज.

तल्हा : बावा...

अमिरुन्निसा : तू थांब, तल्हा. मी सांगते त्यांना.

बदरुद्दीन : काय झालं, बाई? ठीक आहे ना?

अमिरुन्निसा : नाही. चार बंद पडले आहेत. तुम्हाला अजून बसावं लागेल.