डोमाचा पुकारा मिटता मिटत नाई

...अन् वरून बापूजी मलेच म्हणते, काऊन रे प्रफुल, एवढा शिकला, अन् तुह्यानं एक फाइल मिटत नाई? आता तुम्हीच सांगा भाऊ, काही मिटू नये म्हणून मी वर्षभर डोकं फोडलं, अन् आता तेच मिटव म्हणते, तेही लवकर मिटव म्हणते...

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाईतर तुम्हीही बापूजीसारखे चिडसान. बापूजी म्हणजे आमच्या मच्छीमार संघाचे अध्यक्ष. संघाचा एकच काम्पुटर होता, चामोर्शीच्या हापिसात. सोसायट्यांचे कागद, तलावांचे फोटो, अन् तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, भोंग्यातून वाजते ते पुकारे, सारं त्यातच. एका पावसाळ्यात पूर हापिसात घुसला, सारं गेलं. बापूजी मले म्हणे, "असं काही कर बेटा, का पुन्हा काहीच हरपलं नाई पाह्यजे."

मी म्हटलं, बापूजी, एक मशीन चामोर्शीले, एक मूल गावाले, अन् एक जिवतीले ठेवू, तिथी पहाडावर पूर चढते कुठी? एकीत फाइल टाकली का बाकीच्या दोघी आपोआप नक्कल करून घेते. एकीची हरपली का बाकीच्या तिले भरून देते. किती नकला ठेवाच्या, कोनी कोनाले द्याच्या, सारं मीच लिहिलं, रात्र नाई पाह्यली का दिवस नाई. बापूजीनं सभेत माईक धरून सांगितलं, "आता आपल्या संघात काहीच हरपत नाई." लोकायनं टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, काय करता!

अन् पुकारा कोनाचा? माह्या मोठ्या भावाचा, डोमाचा. "ऐका होऽ, उद्या पहाटे मोठ्या तलावावर जाळं पडन! जाळंवाल्यानं जाळं आणा, बिनजाळ्यानं हात आणा, अन् जो उशिरा येईन त्यानं घरूनच मासोळीचा वास घ्यावा!" दर वेळेस तेच, तरी पाळीवरच्या म्हाताऱ्या दर वेळेस हसत.

मंग डोमा गेला. साधा ताप होता हो. डोक्यात चढला, अन् गडचिरोलीच्या रस्त्यातच... जाऊ द्या.

माती झाली, पाहुणे गेले, अन् एका संध्याकाळी भोंगा वाजला. ऐका होऽ! डोमाचा आवाज मशीनमधी भरून घड्याळावर लावलेला, त्याले काय मालूम माणूस राह्यला का गेला? प्रेमिला वहिनी चुलीपाशी होती. रडली नाई. भोंगा थांबला तवा म्हणे, "भाऊजी, हा आवाज आला का माह्या हातानं यायच्या डब्याचे तांदूळ पण भाताच्या गंजात पडते. मंग ते निवडून काढता येत नाई. मिटवा न तो आवाज."

आता हे ऐकून कोन थांबन? गेलो हापिसात. मशीन विचारते, नक्की मिटवाचं? मी होय दाबलं. चामोर्शीतून गेलं, मूलमधून गेलं. अन् जिवती? जिवतीची लाइन बंद! तिथी वारा सुटला का लाइन जाते, वारा नसला तरी जाते. पुढच्या जाळ्याच्या आदल्या दिवशी पाह्यतो तं, ऐका होऽ!

काऊन? जिवतीबाई झोपून उठली, अन् पाह्यते तं दोघीजवळ फाइल नाई. "अवं बाई, तुमची हरपली वाटते, घ्या माह्याजवळची!" दिली दोघीले वाढून. तिले कोनी शिकवलं? मीच शिकवलं. काहीच हरपत नाई! पुन्हा मिटवलं, पुन्हा तिची लाइन बंद, पुन्हा डोमा हजर.

बापूजी म्हणे, "तुहा भाऊ होय न, तुह्यानं मिटवल्या जात नसन, म्हणून मशीनचं नाव सांगून राह्यला." मले राग आला. मंग समजलं का राग काऊन आला. भाऊ, त्याची माती आम्ही एकदा केली, अन् दर बारीनं 'होय' मले एकट्याले दाबा लागे. बोट उचलतच नव्हतं हो.

शेवटी बसनं जिवतीले गेलो. तिन्ही लाइनी चालू आहे हे पाह्यलं, अन् तिन्हीकडं लिहून ठेवलं का बायांनो, मिटवलेलं मिटलंय हेही ध्यानात ठेवा, परत वाढू नका. दाबायच्या आधी एकदा कानाले लावून ऐकलं. मासोळीच्या वासापाशी आलो अन् हसलोच. मंग लय रडलो. मंग होय दाबलं. गेला. खरोखर गेला.

आता पुकारा तं पाह्यजे. बापूजी म्हणे, तूच बोल. मी बोललो, अगदी साधं, मजाक नाई का काही नाई. "उद्या मोठ्या तलावावर जाळं आहे, सर्वांनी यावं." संध्याकाळी भोंगा वाजला अन् बापूजीचा फोन, "प्रफुल, अजूनही डोमाच वाजून राह्यला! मिटवलं म्हणे न तू?"

घरी पळालो. वहिनी गंजासमोर उभी. म्हणे, "भाऊजी, आले न परत."

मी म्हटलं, वहिनी, तो मी होतो.

ती माह्या तोंडाकडं पाह्यत राह्यली. इतक्या वर्षांत तिच्या ध्यानात आलं नव्हतं, माह्याही नाई. एका मायचे दोघं, गळा एकच. आता हे मी कोनत्या मशीनमधून मिटवू? तवापासून घरात मी काही बोललो का तिचा हात जागीच थांबते.

पुकारा आता सोसायटीतली चंदाबाई देते. अन् मी घरी पाणी पाह्यजे असन तं लोटा दाखवतो, भूक लागली तं पाटावर जाऊन बसतो. तुम्हाले वाटत असन, किती बोलते हा माणूस... बसा न भाऊ थोडं. मले बोलाले इथी पाळीवरच भेटते.