पाठवायचं नाही, ठेवायचं

नाही नाही, त्याच खुर्चीवर बसा, डुगडुगते पण पाडत नाही कोणाला — आणि तो ट्रे जरा पलीकडे सरकवा. दातच आहेत हो ते, चावणार नाहीत. मेणाच्या हिरड्यांत बसवलेत नुसते, तोंडात जायला अजून अवकाश आहे. तर काय सांगत होतो — संध्याकाळी डॉक्टरसाहेब येणार, कागदांवर सह्या व्हायच्या, आणि उद्यापासून ही लॅब त्यांची. समोर तो काचेचा दवाखाना आहे ना, आत माशांची टाकी ठेवलेला, तेच ते डॉक्टर. पेशंट दातदुखी विसरून मासे बघत बसतात, आणि मासे पेशंटकडे. त्यांची अट एकच — जुन्या सगळ्या मेल, सगळे कप्पे, अगदी पहिल्यापासूनचे, या कॉम्प्युटरवर त्यांच्या माणसाला दिसले पाहिजेत. कोणत्या डॉक्टरला दाताची कुठली छटा लागते, कोण घाई करतो, कोण कवळी हातात पडायच्या आधीच कुरकुर सुरू करतो, सगळं त्यात आहे. तसं ते माझ्या डोक्यातही आहे, पण डोकं कोणी लॅबसोबत विकत घेत नाही. म्हणून तुम्हाला त्रास दिला.

हो, मेलचा प्रोग्रॅम आधीचाच आहे, भाच्याने बसवलेला. बहिणीचा मुलगा. स्वतःला इंजिनियर म्हणवतो — शेवटच्या वर्षाला आहे, आणि शेवटचं वर्ष त्याला इतकं आवडलंय की सोडवत नाही. तो एकदा आला आणि म्हणाला, मामा, तुम्ही अजून ब्राउझर उघडून मेल बघता? अशा आवाजात, की जसं काही मी अजून झाडावर राहतो. मग काय, बसला इथे, खिडकी उघडली, नाव घातलं, पत्ता घातला, पासवर्ड घातला — पुढे, पुढे, पुढे, संपलं. वाचलं काहीच नाही. वाचायला वेळ लागतो ना, आणि इंजिनियरला वेळ कुठे असतो. वर पडद्यावरचं ब्राउझरचं चित्रही पुसून टाकलं, म्हणजे मामा पुन्हा झाडावर चढायला नको. म्हणाला, आता मेल स्वतःच्या पायांनी तुमच्याकडे येतील. आल्या बरं का. कुरकुरणाऱ्यांच्या तर न चुकता आल्या.

काय म्हणालात? पॉप लावलंय? आणि तुम्ही आयमॅप लावणार — लावा. मला दोन्ही खोकल्याच्या औषधांची नावं वाटतात. आता काय विचारतोय तो? येणारा सर्व्हर, जाणारा सर्व्हर, पोर्ट कुठला, कुलूप कुठलं — पोरीचं शाळेत नाव घातलं तेव्हासुद्धा इतकी चौकशी झाली नव्हती. पासवर्ड तिथे चिकटवलाय, पडद्याच्या कडेला. हसू नका, चोराला इथे कवळ्यांशिवाय काय मिळणार, आणि त्या त्याला बसणार नाहीत.

थांबा, हे नवीन काय? फोनवर विचारणा गेली म्हणतो — कोणाच्या फोनवर? माझा तर हा इथे पडलाय, मुका. शेवटचे आकडे कोणते दाखवतो, बघू. अच्छा. तिचा आहे तो. माझ्या मुलीचा. खातं तिनेच उघडलेलं, तेव्हा ती इथे काम करायची, त्या खिडकीकडच्या टेबलावर. नाही, फोन करणार नाही मी. तुम्हीही करू नका. काम अडलं तर अडू द्या, डॉक्टरसाहेबांना सांगू की कन्यारत्न सध्या कार्यबाहुल्यामुळे — झालं? काय झालं? तिने हो दाबलं? इतक्यात? अहो, तिथे विचारतात ना, आत येणारी व्यक्ती तुम्हीच का म्हणून? आणि ही हो म्हणून मोकळी. चोर आहे की बाप आहे, काही चौकशी नाही. इतके महिने बापाला एक ओळ लिहिता येत नाही, पण बोट बघा कसं तयार आहे.

रागावलोय कुठे, मी कशाला रागावू. किती वेळ लागेल हे सगळं उतरायला? बरं, उतरू दे. तुम्ही विचारलं म्हणून सांगतो — नाही विचारलं? मग असंच सांगतो. ती निघून गेली ती एका मशीनवरून. तोंडाचं चित्र घालायचं, आणि ते खोकं आपलं आपण दात कोरून देतं म्हणे. मी म्हटलं, माझे हात चालताहेत तोवर ते खोकं या दारातून आत येणार नाही. तर म्हणाली, ‘‘मग हातांशीच बोलत बसा, बाबा.’’ आणि गेली दुसऱ्या शहरात, मोठ्या लॅबमध्ये, जिथे खोकीच खोकी आहेत. फोनवर आमचं जमत नाही. जेवलात का इथून सुरू होतं आणि मशीनवर जाऊन आदळतं. पण लिहायचो आम्ही. ते कसं, सांगतो, तुम्हाला हसू येईल — आमचा पत्ता एकच ना, लॅबचा. त्याच पत्त्यावरून त्याच पत्त्याला मेल काय पाठवायची? आपल्याच घरात बसून आपल्याच दाराची बेल वाजवल्यासारखं. म्हणून पाठवायचं नाही, ठेवायचं. तिने ड्राफ्टमध्ये लिहून ठेवायचं, मी उघडून खाली माझी ओळ घालायची, तिने त्याच्या खाली. ती सकाळी कामाला बसायची आणि मी दुपारनंतर, तेव्हापासूनची सवय. अमक्या डॉक्टरचे वरचे दात तयार आहेत, डाळ फ्रिजमध्ये आहे, प्लास्टर संपत आलंय. गेल्यावरही ते चालू राहिलं. फोनवर भांडायचो आणि ड्राफ्टमध्ये माणसासारखे असायचो.

मग बंद केलं तिने. एकदम. या प्रोग्रॅममध्येही ड्राफ्टचा कप्पा आहे, हा काय इथे, इनबॉक्सच्या खाली. रोज सकाळी हात धुवायच्या आधी उघडायचो. रिकामा. म्हटलं रुसली असेल, खोक्यांच्या देशात राजकन्या झाली असेल, बापाच्या डाळीत आता कसली गोडी. मीही नाही लिहिलं. मला काय, मला कवळ्या आहेत बोलायला. मग हे डॉक्टर आले लॅब मागायला, तेव्हा मात्र वाकलो. लिहिलं — ‘लॅब मागताहेत. तुला हवी असेल तर देत नाही. कळव.’ आणि ठेवून दिलं इथेच, हे बघा, अजून आहे, माझं एकट्याचं. तिची ओळ नाही खाली. रोज बघितलं. नाही म्हणजे नाही. डॉक्टरांना म्हटलं, घ्या. तिने न बोलता सांगितलं आणि मी न बोलता ऐकलं, घरंदाज माणसं आहोत आम्ही, आरडाओरडा नाही.

काय? पुन्हा सांगा. नाही, हळू सांगा, मी शेवटच्या वर्षाला नाही. पॉप फक्त आलेल्या मेल उचलून आणतो — बरं. बाकीचे कप्पे तो बघतच नाही — मग हा ड्राफ्टचा कप्पा? हा फक्त या मशीनचा? इथलाच? म्हणजे मी लिहिलेलं ते या खोलीच्या बाहेर गेलंच नाही? आणि तिचा कप्पा तो तिकडे, वेबवर, ब्राउझरमधला. ज्याचं चित्र पुसलं. म्हणजे मी इथे रिकाम्या डब्यात डोकावत बसलो, आणि ती तिकडे — वा. वा हो. भाच्याला म्हणावं, तू पास झालास बाबा.

ती नवीन ओळ काय आली डावीकडे, पुन्हा ड्राफ्टच — तिकडचा, वेबवरचा? तिच्या बाजूचा आकडा कसला? थांबा, उघडू नका. चष्मा कुठे ठेवला मी. नाही, तुम्हीच उघडा, माझ्या हाताला मेण आहे.

जुन्यापासून घ्या. हे प्लास्टरचं, हे मला माहीत आहे, याच्या खाली माझी ओळ आहे बघा. यापुढची — ‘‘बाबा, इथे तोंड बघायलाच मिळत नाही. फाइल येते, दात बाहेर पडतात. कोणाचे ते कळत नाही. मी परत येऊ का? मशीनचं नाव काढणार नाही. खाली नुसतं हो लिहा.’’ नुसतं हो. पुढचं. ‘बाबा, वाचलं ना?’ पुढचं. हे छोटं आहे. हेही छोटंच आहे. हे जरा वर घ्या, दिसत नाही — दिसतंय हो, चष्मा धुरकटलाय. इथल्या लोकांना तिचा करार वाढवायचाय, तुमच्या ओळीसाठी थांबवून ठेवलंय म्हणते. कोणाच्या? माझ्या. आणि हे शेवटचं, परवाचं — ‘‘बरं. कळलं. सोमवारी सही करते.’’

सोमवार अजून उजाडायचाय ना? कळलं म्हणे. काय कळलं तिला? तिला जे कळलं ते मी म्हटलंच नाही.

एक सांगा, आणि नीट सांगा, भाच्यासारखं नको. आता मी इथे, या शेवटच्या ओळीच्या खाली लिहिलं, तर ते तिला दिसेल? तिच्या कप्प्यात? आजच? आणि पाठवायचं काही नाही ना, नुसतं ठेवायचं. बरं. मग उठा तुम्ही. नाही, बाकीचे कप्पे कशाला आता, उतरले तेवढे पुष्कळ झाले. जिन्यात डॉक्टरसाहेब भेटतील, बगलेत कागद असतील, त्यांना म्हणावं लॅब विकायची नाही. का म्हणून विचारलं तर खांदे उडवा, तुमच्या धंद्यात शिकवतातच ते. आणि दार ओढून घ्या बाहेरून. अहो, मी एका बोटाने टाइप करतो, कोणी बघत असलं की चुकतं. हो, माहितीये, एकच अक्षर आहे. तरी जा तुम्ही.