भाऊजींचा निफ्टीचा कॉल

आमच्या भाऊजींचं आइका. रेल्वेत टीसी होते. रिटायर झाल्यावर, निफ्टी चढणार म्हणून शेअर बाजारात चाळीस हजाराचा कॉल, म्हंजे निफ्टी चढला तर पैसा देणारा सौदा, घेऊन बसले. मंगळवारी निफ्टी पडला. मी विचारलं तर म्हणे, "चढंल न, घाई काहून?"

गुरुवारी खरंच चढला! भाऊजी शंकर नगरातून पेढे घेऊन सरळ आमच्या घरी. "पाय बरं, किती झाले?" म्हणून मोबाईल मले देला. पाहतो तर शून्य!

"भाऊजी, तुमच्या कॉलची मुदत मंगळवारीच संपली."

"संपली म्हंजे? निफ्टी तर चढून राहिला ना!"

"तुमचा कॉल मंगळवारपर्यंतच होता."

भाऊजींनी मोबाईल परत घेऊन पुन्हा पाहिला. पेढा हातातच.

"कालचं तिकीट घेऊन बसलेले किती लोकं मी गाडीतून उतरवले रे!"