चारचा गजर

विनिपेगमधल्या त्या दुकानात माल परत करायच्या रांगेत ऑरेस्टच्या पुढे दोन बायका उभ्या होत्या. ठेंगणीच्या हातात थंडीत गाडीचं इंजिन गरम करणाऱ्या विजेच्या हीटरचा टायमर होता.

"बिघडला का गं, लेस्या?"

"बिघडतोय कशाला! काल लावला, तर गाडी आपोआप गरम. मी सहापर्यंत ढाराढूर."

"मग परत का करतेस?"

"अकरा हिवाळे, मार्ता! रोज पहाटे चारला उठायचं, गाउनवर कोट चढवायचा आणि उणे तीसमध्ये बाहेर जाऊन स्टेपानच्या गाडीची वायर प्लगला लावायची. रात्रभर लावली तर म्हणे विजेचं बिल वाढतं."

"आणि हा मिळतो वीस डॉलरला!"

"पुढं तर ऐक. काल ह्याचं खोकं ठेवायला त्याचं कपाट उघडलं, तर आत अस्साच टायमर! सीलसुद्धा फोडलेलं नाही. वर नणंदेची चिठ्ठी. 'लेस्या, आता सुखानं झोपत जा.' लग्नानंतरच्या पहिल्या नाताळची भेट, माझ्या नावाची!"

"अगं बाई! जाब विचारलास की नाही?"

"विचारला ना. म्हणतो, 'तू उठतच होतीस की!'"

ऑरेस्ट उगाचच आपल्या पावतीकडे बघू लागला.

"मेला! म्हणजे आता तो जुना वापरणार तू?"

"जुना माझ्या कपाटात, कुलूप लावून. आणि ह्याच्या बदल्यात गजराचं घड्याळ घेणार आहे."

"तुला कशाला घड्याळ? तुला तर चारला आपोआप जाग येते."

"मला नाही गं. त्याच्या उशाशी ठेवायला."